सक्युलंटसाठी शोभेची कुंडी: जागा आधी, कुंडी शेवटी

दिवाळीत भेट आलेलं एचेवेरिया, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं गुलाबासारखं सक्युलंट, जानेवारीपर्यंत झकास असतं. जुलैत एका सकाळी हात लावावा तर पानं अलगद गळून हातात येतात, खोड काळं पडलेलं, बुडाशी आंबूस वास. मग मैत्रिणी मला फोटो पाठवतात, ‘पाणी जास्त झालं का गं?’ मी म्हणते, ‘कुंडी उचलून खालून दाखव.’ बहुतेक वेळा खाली भोकच नसतं. किंवा असतं, पण त्यावर किमतीचं स्टिकर तसंच चिकटलेलं असतं.

चूक पाण्यात कमी आणि खरेदीच्या क्रमात जास्त असते. आपण आधी कुंडीच्या प्रेमात पडतो, मग तिच्यात मावेल असं रोप आणतो आणि शेवटी दोघांना टीव्हीशेजारी नेऊन ठेवतो. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी जागा, मग रोप, मग माप आणि भोक, मग साहित्य, आणि रंग-घाट सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एखादा गाळून पुढे गेलात तर परत यावं लागेल, आणि परत येईपर्यंत सहसा एक रोप कमी झालेलं असतं.

टप्पा १: जागा ठरवा, ऊन बघा

एका रविवारी सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच असं चार वेळा ठरवलेल्या जागी जाऊन बघा. ऊन थेट पडतं का, किती वेळ टिकतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

एचेवेरिया, सेडम, घोस्ट प्लांट अशा गुलाबासारख्या किंवा राखाडी-निळसर पानांच्या रोपांना रोज चारेक तास थेट ऊन हवं, शक्यतो सकाळचं. हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि स्नेक प्लांट थेट ऊन नसलेल्या पण भरपूर उजेडाच्या जागी नीट राहतात. जेड दोहोंच्या मध्ये. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एचेवेरिया ठेवलं तर ते उजेडाच्या शोधात मान लांब करतं. फुलासारखा दाट आकार जातो आणि शिडीसारखं खोड उरतं. मग कुंडी कितीही देखणी असली तरी नजर त्या मानेवरच जाते.

दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात हॉलपर्यंत येणारं ऊन मे-जूनमध्ये कठड्यालाही शिवत नाही. हिवाळ्यात जागा ठरवली असेल तर मे महिन्यात पुन्हा बघा.

पावसाचंही तसंच. सरी कुठपर्यंत आत येतात ते फरशीवरचे डाग सांगतात. कोकणपट्टीत ही रेघ सगळ्यात महत्त्वाची. त्या रेघेच्या बाहेर शोभेच्या कुंडीतलं सक्युलंट जून ते सप्टेंबर ठेवायचं नाही.

सावधान: खिडकीच्या ग्रिलवर किंवा कठड्यावर सुटी कुंडी ठेवू नका. वादळी वाऱ्यात चार इंची कुंडीही खाली जाते आणि खाली कोणीतरी चालत असतं. ग्रिलच्या आत, कडा असलेल्या ट्रेमध्येच ठेवा.

टप्पा २: रोपाचं माप घ्या

रोप नर्सरीच्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीत असेल तर पाच-सहा दिवस पाणी देऊ नका. माती सुकली की कुंडी कडेने दाबून रोप सबंध बाहेर काढा आणि मुळं बघा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, चिवट असतील तर उत्तम. काळी आणि लिबलिबीत असतील तर ती कापून रोप चार दिवस सावलीत कोरडं ठेवा. नव्या कुंडीचा विचार त्यानंतर.

आता माप. गुलाबासारख्या रोपासाठी पानांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा. ८ सेंमीच्या एचेवेरियाला १० सेंमी, म्हणजे चार इंची कुंडी. ‘वाढेल ना पुढे’ म्हणून सहा इंची घेण्याचा मोह होतो. पण घाट तोच ठेवून चार इंचीवरून सहा इंचीवर गेलात तर आतली माती तिपटीहून जास्त होते. मुळं तेवढीच, पाणी धरून ठेवणारी माती तिप्पट. ती जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं सडण्याची सुरुवात तिथूनच होते. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, कुंडी तशी घ्यायची नसते.

दुकानात रोप घेऊन जाणं जमत नाही. मी वर्तमानपत्राचा गोल कापते, हव्या त्या तोंडाच्या मापाचा, आणि घडी करून पर्समध्ये टाकते. त्यावर पेनाने मुळांची खोलीही लिहिते. कुंडीवर हा कागद ठेवला की डोळ्यांची फसवणूक थांबते. मोठ्या दुकानात मोठ्या कुंड्यांच्या शेजारी ठेवलेली सहा इंची कुंडीसुद्धा इवलीशी वाटते.

खोली किती हवी? हॉवर्थिया आणि गॅस्टेरियाची मुळं जाड आणि खाली जाणारी असतात, त्यांना थोडी उंच कुंडी बरी. एचेवेरिया, सेडम यांची बारीक मुळं वरच्या थरात पसरतात, त्यांना बुटकी चालते. स्नेक प्लांटला खोलीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं. उंच पानांमुळे हलकी कुंडी कलंडते.

तपासा: कागदी गोल कापला का? त्यावर रोपाचं नाव, तोंडाचं माप, खोली आणि जागा (ऊन/उजेड) या चार गोष्टी लिहिल्या का? नसतील तर दुकानात जाऊ नका.

टप्पा ३: भोकाचा निर्णय घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबते.

‘खाली खडे घाला, वर माती, मग भोक नसलं तरी चालतं.’ मला हे एका महागड्या दुकानात सांगितलं होतं, एक निळी झिलईची कुंडी विकताना. मी विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी ती कुंडी उपडी केली तेव्हा खड्यांमध्ये पिवळसर पाणी साचलेलं होतं आणि वरची माती मऊ चिखल झालेली.

कारण साधं आहे आणि घरात करून बघता येतं. भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. पाणी खाली ओढलं जातं, पण स्पंजाच्या बुडाशी काही उंचीपर्यंत ते अडकूनच राहतं. मातीचंही तसंच. बारीक मातीतून पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, वरची माती पुरती भिजेपर्यंत तिथेच थबकतं. खडे घातल्याने निचरा वाढत नाही. फक्त तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो.

याच स्पंजातून दुसरी गोष्ट कळते. ओल्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून अगदी उथळ, परातीसारख्या कुंडीत मातीचा मोठा भाग बराच वेळ ओला राहतो. उथळ कुंड्या सुंदर दिसतात हे खरं, पण त्यांना मातीचं मिश्रण जास्त जाडंभरडं लागतं.

तर भोकाचे तीनच मार्ग आहेत.

पहिला, भोक असलेलीच कुंडी घ्या. चार इंची कुंडीला निदान एक १०-१२ मिलिमीटरचं भोक हवं, म्हणजे करंगळीचं टोक जाईल एवढं. आठ इंचीपासून पुढे तीन ते पाच. फायबर आणि प्लॅस्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना भोकाच्या जागी पातळ चकती असते, ती आपण ठोकून काढायची असते. ती न काढताच लावलेली रोपं मी मोजणं सोडून दिलंय.

दुसरा, कुंडीत कुंडी. शोभेची कुंडी बिनभोकाची असेल आणि ती तुम्हाला हवीच असेल, तर रोप साध्या प्लॅस्टिकच्या जाळीदार किंवा भोकांच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी आत ठेवा. आजीची लोणच्याची बरणी, पितळी उरळी, जुनी किटली यांना हाच मार्ग. फक्त बाहेरच्या भांड्यात आतल्या कुंडीभोवती बोटभर मोकळी जागा हवी, आणि आतली कुंडी तळाला टेकू नये. मी तीन बाटल्यांची झाकणं उपडी ठेवते आणि त्यावर कुंडी. पाणी देताना आतली कुंडी उचलून सिंकमध्ये न्यायची, पाणी घालून निथळू द्यायची आणि मगच परत ठेवायची. आळस केलात तर बरणीच्या तळाशी पाणी साचतं आणि पावसाळ्यात त्यात डासांच्या अळ्या होतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

तिसरा मार्ग, स्वतः भोक पाडणं. तो टप्पा ६ मध्ये.

टप्पा ४: साहित्य निवडा, पण तुमच्या हवेप्रमाणे

भाजलेल्या मातीची कुंडी भिंतीतून पाणी सोडते, म्हणून सक्युलंटसाठी ती सगळीकडे पहिली शिफारस असते. पण सगळीकडे हवा सारखी नाही. पुण्यात ती वर्षभर चालते. ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं, तरी झिलईच्या कुंडीपेक्षा ती लवकर सुकते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा तीन इंची मातीची कुंडी एका दिवसात कोरडीठाक होते आणि मुळं भाजतात. तिथे जाड भिंतीची मोठी कुंडी किंवा कुंडीत कुंडी ही पद्धत बरी, आणि दुपारी सावली.

मातीची कुंडी घेताना वाजवून घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यात एका मावशींनी मला हे शिकवलं. मी रंग बघत होते. त्या म्हणाल्या, ‘ताई, रंग काय बघता, आवाज ऐका.’ बोटाच्या पेराने टिचकी मारली. एक कुंडी खणखणली, दुसरी ‘ठप’ म्हणाली. ठप म्हणणारी एक तर कमी भाजलेली किंवा तडकलेली.

संक्रांतीची सुगडं उरतात, त्यात रोपं लावायची हौस मलाही आली. बाहेरून वारली चित्रं काढली, पाच सुगडांत पाच हॉवर्थिया. जुलैत एक उचललं तर सुगड हातात आलं आणि त्याचा तळ खिडकीतच राहिला. सुगडं बऱ्याचदा कच्ची भाजलेली असतात. आधी एक सुगड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी नखाने खरवडल्यावर माती निघत असेल तर त्यात रोप लावू नका. चहाच्या कुल्हडालाही हीच परीक्षा.

चिनी मातीच्या, झिलईच्या कुंड्या दिसायला सगळ्यात वरचढ. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा माल सगळीकडे मिळतो. भिंतीतून पाणी जात नाही, त्यामुळे भोक मोठं आणि मिश्रण भरड हवं. पाणी देण्याचं अंतर मातीच्या कुंडीपेक्षा जवळजवळ दुप्पट ठेवावं लागतं. ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी झिलईच्या कुंड्यांपासून वर्षभर तरी लांब राहावं.

सिमेंटच्या कुंड्या सध्या फार चालतात. राखाडी रंगावर हिरवं रोप छान उठतं. पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि मातीचा आम्ल-अल्क तोल बिघडतो. तिची तयारी टप्पा ७ मध्ये आहे.

प्राण्यांचे, बुद्धाचे, बाळाचे चेहरे असलेल्या कुंड्यांबद्दल एक इशारा. यातल्या काही प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असतात. दुकानात आतल्या बाजूने ओलं बोट घासा किंवा तळाला नाण्याने ओरखडा काढा. पांढरी पूड निघाली तर ती कुंडी शोपीस म्हणून ठेवा, रोपासाठी नाही. सतत ओल लागली की ती भुसभुशीत होते.

बाकीचं थोडक्यात. पत्र्याचे डबे गंजतात आणि पश्चिमेच्या उन्हात तापतात. लाकूड-बांबू फक्त बाहेरचं भांडं म्हणून. काचेच्या बंद वाडग्यातलं टेरेरियम नेच्यांसाठी ठीक, सक्युलंटसाठी ती वाफेची हंडी. तांब्या-पितळेत थेट माती भरू नका. आणि प्लॅस्टिकला नाकं मुरडू नका. हलकं, भोकांचं, स्वस्त. आतल्या कुंडीसाठी त्याहून चांगलं काही नाही.

तपासा: टिचकी, ओलं बोट, तळ. या तीन गोष्टी दुकानातच करायच्या. घरी आणल्यावर त्यांचा उपयोग फक्त पश्चात्तापाला होतो.

टप्पा ५: आता घाट आणि रंग

इथपर्यंत आलात म्हणजे मनाला येईल ते निवडायला मोकळे आहात. तरी काही गोष्टी डोळ्यांना खटकतात त्या सांगते.

तोंड सगळ्यात आधी. मडक्यासारखी, पोटात रुंद आणि तोंडात अरुंद कुंडी घेऊ नका. दोन वर्षांनी मुळं पोटभर पसरतात आणि रोप काढायचं तर कुंडी फोडावी लागते किंवा मुळं तोडावी लागतात. वर थोडी रुंद होत जाणारी किंवा सरळ भिंतीची कुंडी घ्या.

उंचीचा हिशोब रोपाच्या चणीवरून. जमिनीसरपट पसरणाऱ्या एचेवेरियाला उंच नळकांडं दिलं तर ते खांबावर ठेवलेल्या बशीसारखं दिसतं. त्याला उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली कुंडी शोभते. झाडासारखं खोड केलेल्या जेडला बुटकी, जड कुंडी. स्नेक प्लांटला पानांच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. स्ट्रिंग ऑफ पर्ल्ससारख्या लोंबणाऱ्या रोपाला उंच स्टँडवरची किंवा टांगती कुंडी. तिच्यात माती जवळजवळ काठापर्यंत भरा, नाहीतर मण्यांच्या माळा कुंडीच्या आत ओल्या मातीवर लोळत सडतात.

रंगात माझा पक्षपात उघड आहे: चमकदार आणि नक्षीदार कुंडी मला सक्युलंटला आवडत नाही. या रोपांच्या पानांवरच इतकी रचना असते की कुंडीने गप्प बसावं. राखाडी-निळसर, पावडर लावल्यासारख्या पानांना काळी, कोळशाच्या रंगाची किंवा गडद निळी मॅट कुंडी. हिरव्या पट्ट्यांच्या हॉवर्थियाला पांढरी किंवा साधी विटकरी. लालसर कडांच्या जेडला करडं सिमेंट. पिवळ्या, गुलाबी चकचकीत कुंडीत फिकट रोप आजारी दिसतं. फक्त काळी कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, ती तापते.

नक्षी हवीच असेल तर तीन कुंड्यांत एकीला द्या, दोघी साध्या ठेवा. एका ओळीत सात रंगांच्या सात कुंड्या मांडल्या की दुकान दिसतं, घर दिसत नाही.

रंगवायची असेल तर मातीची कुंडी फक्त बाहेरून, अ‍ॅक्रिलिकने. आतून कोरी. ऑइलपेंटचे दोन हात आणि वर वार्निश दिलंत तर भिंत बंद होते, आणि मग ती झिलईच्या कुंडीसारखी वागते. पाणीही तसंच कमी करावं लागतं.

सावधान: एकाच परातीत एचेवेरिया, हॉवर्थिया, स्नेक प्लांट असा मेळावा भरवू नका. भेटीच्या ट्रेमध्ये तो छान दिसतो, पण एकाला ऊन हवं, दुसऱ्याला नको. एकत्र लावायचे तर एकाच जागी सुखी राहणारे लावा.

टप्पा ६: भोक पाडायचं असल्यास

साध्या मातीच्या कुंडीला दगडी भिंतीचं ड्रिल बिट चालतं. झिलईच्या कुंडीला हिऱ्याच्या कणांचं बिट लागतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘टाइलला भोक पाडायचं डायमंड बिट, १० मिलिमीटर’ म्हणून मागा.

कुंडी जुन्या ओल्या टॉवेलवर उपडी ठेवा. जिथे भोक हवं तिथे मास्किंग टेपची फुली चिकटवा, बिट घसरत नाही. मशीनचा हॅमर बंद आहे ना ते दोनदा बघा. हॅमर चालू राहिला तर पहिल्याच ठोक्याला तडा. वेग कमी. बिट आधी तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू उभं करा. सोबतच्या माणसाला चमच्याने बिटाच्या टोकापाशी थेंब थेंब पाणी सोडायला सांगा. पाणी मशीनवर उडता कामा नये. बॅटरीवर चालणारं मशीन मिळालं तर तेच वापरा. जोर लावायचा नाही, मशीनच्या वजनाने जेवढं उतरेल तेवढं. पाच-सात मिनिटं लागतात. आवाज बदलला, पोकळ झाला की समजा शेवटचा पापुद्रा राहिलाय. तिथे हात आणखी हलका करा, नाहीतर आतून मोठा टवका उडतो.

डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आजीच्या बरणीवर हा प्रयोग करू नका. आधी एखाद्या तुटक्या कपावर हात बसवा.

टप्पा ७: नवी कुंडी तयार करणे

हा टप्पा लोकांना माहीतच नसतो. किमतीचं स्टिकर आधी काढा, खालचं विशेषकरून. मातीची कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, ठेवा आणि मग सावलीत वाळवा. धूळ निघते आणि तडा असेल तर ओलेपणात रेघ उठून दिसते. जुनी कुंडी असेल आणि बाहेर पांढरे क्षार धरले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ब्रशने घासा. बोअरवेलचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे क्षार वर्षभरात येतातच. त्याने रोप मरत नाही, पण पाणी जड आहे एवढं कळतं.

सिमेंटची कुंडी दोन आठवडे पाण्यात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. घाई असेल तर कुंडीत कुंडी.

तपासा: रिकामी कुंडी जिथे ठेवणार तिथे, तिच्या ताटलीसकट ठेवून पाणी ओता. पाणी सरळ बाहेर येतं का? सपाट तळाची कुंडी सपाट फरशीवर ठेवली की भोक बंद होतं. खाली टाइलचे तीन तुकडे द्या.

टप्पा ८: रोप बसवा

वेळ: ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जून-जुलैत कुंडी बदलू नका, तोडलेल्या मुळांच्या जखमा दमट हवेत भरत नाहीत.

१. भेटीच्या रोपावर रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतात. सुरीने कडेने उचकटून तो थर काढून टाका. त्याखाली माती ओली आहे की कोरडी हे कळतच नाही.

२. मुळांभोवतीचं जुनं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बोटांनी झाडा. निव्वळ कोकोपीट एकदा पुरतं सुकलं की पाणी नुसतं कडेने वाहून जातं.

३. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा. खडे नकोत.

४. मिश्रण: एक भाग लाल माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत, दोन भाग ३ ते ६ मिलिमीटरचा विटांचा चुरा किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे). उथळ कुंडी, झिलईची कुंडी किंवा कोकण असेल तर चुरा तीन भाग. काळी माती नको, ती पाणी धरते आणि सुकली की भेगाळते. समुद्रावरची वाळू खारट असते, तीही नको. चुरा धुऊन घ्या, बारीक पूड निघून जाऊ द्या.

५. रोप जेवढं खोल आधी होतं तेवढंच. पानं मातीत गाडू नका. लोंबणारं रोप सोडून बाकीच्यांना काठाखाली सेंटिमीटरभर जागा सोडा.

६. वर पातळ थर द्यायचाच असेल तर आपल्याकडच्या काळ्या खडीची बारीक चाळ छान दिसते. रंगवलेले खडे पाण्यात रंग सोडतात.

टप्पा ९: पहिले तीन आठवडे

लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही. मुळांच्या जखमा सुकू द्या. मग सकाळी, खालून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर, आणि अर्ध्या तासाने ताटली रिकामी. वाटीभर रोज शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. त्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं उपाशी.

पुढचं पाणी कधी? जळून विझलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. ओला डाग किंवा मातीचे कण चिकटले असतील तर थांबा. दुसरी युक्ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची: पाणी निथळल्यावर कुंडीचं वजन आणि पुरती सुकल्यावरचं वजन पेन्सिलीने कुंडीच्या बुडाला लिहून ठेवा. महिनाभराने काट्याची गरज पडत नाही, हात सांगतो.

तीन आठवड्यांनी रोप हलकेच वर ओढून बघा. किंचित अडकल्यासारखं वाटलं तर मुळं धरली. सरळ वर आलं तर पाणी थांबवा, बाहेर काढा आणि मुळं बघा. खालची एक-दोन पानं सुकून कागदासारखी झाली तर ती जुनी होती, काढून टाका. पण पानं पिवळी, पारदर्शक आणि पाणीदार दिसली तर लगेच कुंडी उचला आणि पहिल्यांदा तळ बघा. जाळीवर माती घट्ट बसून भोक बुजलं असेल, किंवा कोणीतरी कौतुकाने ताटलीत पाणी भरून ठेवलं असेल. आमच्याकडे ते काम सासूबाईंचं. आता ताटलीच उचलून ठेवते.